पट्टीवरचे तेल आणि इंजिनातले तेल

इंदापूर तालुक्यात माझ्या मावसभावाची डाळिंबाची बाग आहे. मागच्या हंगामाच्या तोंडावर त्याने कर्ज काढून एक नवी डिझेल पिकअप घेतली. डाळिंबाचे क्रेट भरून पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायचे आणि येताना खते-औषधे आणायची, असा त्याचा बेत. गाडीवर ड्रायव्हर ठेवला तो साठीकडे झुकलेला, पंचवीस वर्षे उसाच्या ट्रकवर काढलेला. घरातले सगळे त्यांना काका म्हणतात.

गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालली असेल-नसेल, एका रविवारी सकाळी भावाचा फोन आला. "दादा, गाडी ऑईल खातीय. न्हायतर कुणीतरी काढून घेतंय." झाले होते असे : बारामतीला पंपावर हवा भरायला गाडी उभी होती, तेव्हा त्याने बॉनेट उघडून डिपस्टिक ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेला टेकलेले होते. चार दिवसांनी घरी अंगणात पाहिले, तर दोन खुणांच्या बरोबर मध्ये! दोन खुणांमधले अंतर एक लिटरचे, असे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले. म्हणजे चार दिवसांत अर्धा लिटर तेल गेले. गाडीखाली थेंब नाही, नळीतून निळा धूर नाही. मग राहता राहिले काका.

"उद्यापास्नं येऊ नका म्हणून सांगतो त्यांना," भाऊ म्हणाला.

मी म्हटले, "थांब. आधी मोजू."

"मोजलंय की!"

"तू नुसतं पाहिलंस. मी येतो दुपारी."

विद्यार्थी मित्रांनो, त्या दुपारपासून पुढचे सात-आठ महिने आम्ही त्या पिकअपच्या तेलाची वही ठेवली. एका साध्या लोखंडी पट्टीवर किती भौतिकशास्त्र चढलेले असते, ते त्या वहीमुळे मला नव्याने कळले. महाविद्यालयात मी हा विषय बरीच वर्षे शिकवतो; तरी काही गोष्टी मलाही आधी सुचल्या नव्हत्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तेल करते काय?

जुन्या लाकडी चाकांच्या बैलगाडीखाली वंगणाचे भांडे टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान आसाला वंगण लावी. वंगण दोन पृष्ठभागांच्या मध्ये बसते आणि त्यांना एकमेकांवर घासू देत नाही, एवढे आपण शाळेत शिकतो. पण एक प्रश्न उरतोच. दोन पृष्ठभागांवर शेकडो किलोचा भार असताना मधले पातळ तेल पिळून बाहेर का येत नाही?

याचे उत्तर इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास जवळजवळ अपघातानेच हाती लागले. बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरच्या बाजूने भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर बूचही हळूहळू वर ढकलले गेले. शेवटी तेथे दाबमापक बसवला, तेव्हा तेलाचा दाब भारामुळे अपेक्षित असलेल्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक भरला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढत नेऊन अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबत होता आणि त्या कोंबलेल्या तेलावर स्वतःच तरंगत होता! १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने याचे गणित मांडले. आजही बेअरिंगचा आराखडा त्याच समीकरणाच्या आधारे करतात.

या तरंगण्यासाठी दोन गोष्टी लागतात. तेल सतत मिळाले पाहिजे आणि त्याला पुरेशी श्यानता हवी. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. मधाची श्यानता जास्त, पाण्याची कमी. तेल फार पातळ झाले तर फटीत दाब तयार होत नाही आणि धातू धातूला टेकतो. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये सर्वांत अरुंद जागी तेलाचा थर काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या काही पट, एवढाच असतो. आपला केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. हा थर तुटला की गाडी 'जाम' होते. नव्या इंजिनाचे काम काढावे लागले आणि चूक मालकाची ठरली, तर गाडी दारात उभी राहते आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून भावाची काळजी खोटी नव्हती. त्याचा निष्कर्ष तेवढा घाईचा होता.

चेंबर आणि लाल दिवा

इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते. गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. पंप त्यातून तेल उचलून सगळीकडे पाठवतो आणि ते गुरुत्वाकर्षणाने परत चेंबरमध्ये गळते. ड्रायव्हरसमोर तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की तेल कमी झाले की तो लागतो. काही नव्या गाड्यांत पातळीसाठी वेगळा संवेदक असतो हे खरे. पण हा लाल दिवा दाबाचा आहे. पंपाच्या तोंडाशी तेल आहे तोवर दाब ठीक असतो, मग चेंबरमध्ये तेल चार लिटर असो की सहा. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली की दिवा लागतो. म्हणजे तो लागतो तेव्हा इशाऱ्याची वेळ टळून गेलेली असते.

बारामतीहून जेजुरी-सासवडमार्गे पुण्याला जाताना दिवे घाट लागतो. समजा, ताशी ३० कि.मी. वेगाने गाडी २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. वळताना द्रवाचा पृष्ठभाग तिरका होतो. किती, ते v²/rg या सूत्राने काढता येते. ३० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर, वर्ग केला तर ६९, त्याला २५ × ९.८ ने भागले की ०.२८ येते. हा ज्या कोनाचा स्पर्शक आहे तो कोन जवळपास १६ अंशांचा! तेल भरपूर असेल तर एवढे कलूनही पंपाचे तोंड बुडालेले राहते. कमी असेल तर वळणापुरता दिवा लुकलुकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. ड्रायव्हर म्हणतो, "वायर लूज असंल." असो. दिव्यावर विसंबायचे नाही, एवढे आपल्यापुरते पुरे. राहिली पट्टी.

अंगणातले अर्धा लिटर

दुपारी मी भावाच्या अंगणात पोचलो. अंगण मागच्या बाजूला, कालव्याच्या चारीकडे उतरते आहे. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून मुद्दामच तसे ठेवलेले. पिकअप नेहमीसारखी तोंड घराकडे, पाठ चारीकडे करून उभी होती. शेजारी बांधकाम चालू होते. तेथल्या गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून घेतली. नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीत राहते, हे तुम्ही सातवी-आठवीत शिकलाच आहात. गवंडी त्यावर घर बांधतो. पुढची चाके मागच्यांपेक्षा १४ सें.मी. उंच निघाली. दोन्ही चाकांमधले अंतर ३ मीटर. म्हणजे चढ ३०० ला १४.

आता चेंबरमध्ये काय होईल? चेंबर तिरके झाले तरी तेलाचा पृष्ठभाग आडवाच राहणार. मागच्या भागात तेल चढेल, पुढच्या भागात उतरेल. या गाडीत पट्टी चेंबरच्या मध्यापासून सुमारे १५ सें.मी. पुढे उतरते. म्हणून पट्टीपाशी पातळी १५ × १४ ÷ ३००, म्हणजे ०.७ सें.मी. खाली जाणार. पट्टीवरच्या दोन खुणांत उभे अंतर होते २ सें.मी., म्हणजे २० मि.मी. आणि ते एक लिटरचे. तेव्हा १ मि.मी. म्हणजे ५० मि.लि. नुसत्या अंगणाच्या उताराने ३५० मि.लि. तेल 'चोरीला' गेले होते!

उरलेले दीडशे? पंपावर पाहिले तेव्हा गाडी तापलेली होती; घरी पाहिले ते सकाळी, गार असताना. तापल्यावर तेल प्रसरण पावते. इंजिनाच्या तेलाचे आकारमान दर अंश सेल्सिअसला दहा हजारांत सुमारे ७ भागांनी वाढते. चेंबरमध्ये ६ लिटर तेल आणि तापमानातला फरक ४० अंश धरला, तर ६००० × ०.०००७ × ४० म्हणजे १६८ मि.लि. पट्टीवर तीन मि.मी.हून थोडे अधिक. सात आणि तीन दहा. अर्ध्या लिटरचा हिशेब लागला.

हा हिशेब इतका बरोबर जुळावा यात थोडा योगायोग आहे, हे मान्य करतो. कारण याउलट जाणारी एक गोष्टही असते. इंजिन बंद केल्याबरोबर पाहिले तर बरेचसे तेल अजून वरच्या भागांत असते, खाली उतरलेले नसते. तेव्हा पातळी कमीच दिसते. म्हणून पुस्तिकेत 'सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून' असे लिहिलेले असते. लोक ते वाक्य वाचतात आणि सोडून देतात. जिथे इंजिनांची रीतसर चाचणी होते तेथे तर पातळीवर विसंबतच नाहीत. ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ तेल गळू देऊन त्याचे वजन करतात. आकारमान तापमानाबरोबर बदलते, वस्तुमान बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातल्या दूध संकलन केंद्रासमोरच्या कोब्यावर गाडी उभी केली. पाण्याच्या नळीने तपासले. कोबा चांगला सपाट होता. चारही चाकांच्या जागी ऑइलपेंटने खुणा केल्या. गार इंजिन, पट्टी पुसून दोनदा वाचन. तेल खालच्या खुणेपासून १७ मि.मी. वर, म्हणजे वरच्या खुणेच्या जेमतेम तीन मि.मी. खाली. पुस्तिकेतला आकडा खरा आहे का, हे पाहायला शाळेच्या प्रयोगशाळेतले मोजपात्र आणले. कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे १५० मि.लि. तेल ओतले, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा पाहिले. २० मि.मी.! भाऊ काही बोलला नाही. काकांना चहा द्यायला त्याने आत सांगितले.

वही

त्या दिवशी २,१०० कि.मी. झाले होते. तेथून पुढे दर हजार कि.मी.ला त्याच कोब्यावर, त्याच खुणांवर, पहाटे गाडी सुरू करण्याआधी काकांनी वाचन घ्यायचे असे ठरले. २,१०० ला २० मि.मी. होते. ३,१०० ला पुन्हा २०. ४,१०० ला १७. ५,१०० ला १६.

पहिल्या हजारात काहीच गेले नाही आणि दुसऱ्या हजारात १५० मि.लि. गेले, असे यावरून म्हणावे का? म्हणू नये. पट्टीवर तेलाची कडा पुसट असते. नळीच्या आतल्या बाजूला लागलेले तेल पट्टीवर ओघळते. काका काळजीपूर्वक पाहतात, तरी प्रत्येक वाचनात एक मि.मी. इकडे-तिकडे होणारच. दोन वाचनांची वजाबाकी केली की ही त्रुटी दोन मि.मी.पर्यंत, म्हणजे १०० मि.लि.पर्यंत जाऊ शकते. हजार कि.मी.ला शंभराची त्रुटी फार झाली. तीन हजारांवर मात्र तीच त्रुटी तिघांत वाटली जाते. लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलनांचा वेळ घेतो, त्यातले कारण हेच.

तीन हजारांत चार मि.मी., म्हणजे २०० मि.लि. हजाराला सुमारे ६७. त्रुटी धरून ३३ ते १०० च्या दरम्यान. यापेक्षा नेमके बोलण्याचा अधिकार आपल्या पट्टीला नाही. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या हे बरेच आत होते.

"पर नव्या गाडीनं तेवढं तरी का खावं?" भावाचा प्रश्न रास्त होता. त्याला मी एक गणित करून दाखवले, तुम्हीही करा. सिलिंडरच्या भिंतीला तेल लागलेले असतेच, नाहीतर दट्ट्या घासेल. दट्ट्याच्या रिंगा ते खरवडून खाली नेतात, पण पूर्णपणे नाही. उरलेला थर ज्वलनाच्या वेळी थोडा जळतो. सिलिंडरचा व्यास ९ सें.मी. आणि दट्ट्याची धाव १० सें.मी. धरली, तर भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे २८० चौ.सें.मी. येते. ताशी ६० कि.मी. वेगात इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एका कि.मी.त २,००० फेरे. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन. म्हणून दर सिलिंडरला कि.मी.मागे १,००० ज्वलने. चार सिलिंडरांची ४,०००. हजार कि.मी.त ४० लाख. आता ६७ घ.सें.मी. तेलाला ४० लाखांनी भागा, मग २८० ने भागा. उत्तर येते ०.०००००००६ सें.मी. म्हणजे ०.६ नॅनोमीटर.

तेलाचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांबलचक साखळी. तिची जाडी सुमारे अर्धा नॅनोमीटर. याचा अर्थ असा की दर ज्वलनाला भिंतीवरच्या तेलाचा सरासरी जेमतेम एक रेणू जाडीचा थर नाहीसा होतो, तेव्हा कोठे हजार कि.मी.ला ६७ मि.लि. खर्च पडतो! हे गणित फळ्यावर मांडताना मी स्वतः दोनदा तपासले. एखादी गाडी 'थेंबभरही तेल खात नाही' असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ तिचा खर्च पट्टीवर दिसण्याइतका नाही, एवढाच घ्यावा. नव्या इंजिनात रिंगा आणि भिंत एकमेकींना पुरत्या बसलेल्या नसतात, त्यामुळे पहिले काही हजार कि.मी. खर्च थोडा अधिकही असतो.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. त्या कंपनीच्या गाड्यांच्या काळात मालक डिकीत तेलाचा डबा ठेवूनच प्रवासाला निघे. आज डबा गेला, हे चांगलेच झाले. त्याबरोबर पट्टी पाहण्याची सवयही गेली.

तेल वाढले!

हंगाम संपला. पुण्याच्या खेपा थांबल्या. गाडी रिकामी उभी राहू नये म्हणून भावाने ती दुधाच्या कॅन गोळा करायला लावली. चार कि.मी. जायचे, थांबायचे, पुन्हा तीन कि.मी. जायचे, थांबायचे. ६,१०० ला काकांनी वाचन घेतले : १९ मि.मी. पाच हजार शंभरला १६ होते. काकांना वाटले आपलेच चुकले, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी परत पाहिले. एकोणीसच. ७,१०० ला २१. वरच्या खुणेच्याही वर.

भाऊ खुश. "दादा, तेल वाढाय लागलंय! आता टाकायचं कामच न्हाई." काका मात्र गप्प होते. ते मला म्हणाले, "सर, वरनं कुणी वतलं न्हाई. मग आलं कुठनं? हे बरं न्हाई." पंचवीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळले होते की कमी झालेल्या तेलापेक्षा वाढलेले तेल जास्त भीतिदायक असते. जुन्या काळी त्याचा अर्थ बहुधा रेडिएटरचे पाणी तेलात शिरले असा असे. पण तसे असते तर तेल दुधाळ झाले असते. ते काळेच होते. बोटाला लावून वास घेतला तर डिझेलचा वास.

डिझेल तेलात कसे गेले? १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. ती पाळण्यासाठी बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक सच्छिद्र गाळणी असते. गॅरेजमध्ये तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साचत गेली की ती जाळून टाकावी लागते आणि त्याला सुमारे ६००° से. तापमान लागते. ते गाठण्यासाठी अनेक गाड्यांत इंजिनाचा संगणक ज्वलन होऊन गेल्यावर सिलिंडरमध्ये मुद्दाम थोडे डिझेल उशिरा फवारतो. हे डिझेल धुराबरोबर पुढे जाऊन तेथे उष्णता निर्माण करते, पण त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीला लागते आणि रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात काजळी एका दमात जळते आणि तापलेल्या तेलातून आलेल्या डिझेलपैकी काही वाफ होऊन निघूनही जाते. दर चार कि.मी.ला इंजिन बंद केले, तर जाळण्याचे काम अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते. दर वेळी थोडे डिझेल खाली उतरते. दुधाच्या खेपांनी नेमके हेच केले होते.

आता मागच्या वाचनांकडे पुन्हा पाहा. दोन हजार कि.मी.त पातळी ५ मि.मी. वाढली, म्हणजे २५० मि.लि. भर पडली. पण त्याच काळात नेहमीच्या हिशेबाने सुमारे १३० मि.लि. तेल जळलेही असणार. म्हणजे आत आलेले डिझेल २५० नव्हे, ३८० मि.लि.च्या आसपास. समजा, डिझेल आणखी सावकाश आले असते आणि जेवढे तेल जळते तेवढेच ते भरत गेले असते, तर? पट्टी महिनोन् महिने एकच आकडा दाखवत राहिली असती आणि आम्ही सगळे निश्चिंत राहिलो असतो. पट्टी द्रवाची उंची सांगते. तो द्रव कोणता, हे तिला माहीत नाही. दोन अज्ञाते आणि समीकरण एकच, असा हा प्रकार आहे. दुसरे समीकरण कोठून आणायचे?

घनतेने काम भागले नसते. तेलाची घनता ०.८७ च्या आसपास, डिझेलची ०.८३ च्या. शंभरात पाच भाग डिझेल मिसळले तर फरक पडतो ०.००२ चा, शाळेतल्या तरकाट्याला तो कळायचा नाही. श्यानतेची गोष्ट निराळी. ४०° से. तापमानाला या प्रतीच्या तेलाची श्यानता डिझेलच्या तीसपट किंवा त्याहून अधिक असते. म्हणून थोडेसे डिझेलही मिश्रणाला बरेच पातळ करते.

सर्व्हिस सेंटरने तेल लगेच बदलायला सांगितले, हे योग्यच होते. काढलेल्या तेलातले अर्धा लिटर आम्ही बाटलीत मागून घेतले. एका नरसाळ्याला अरुंद नळी जोडली, आत दोन खुणा केल्या आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पातळी उतरायला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजला. सगळे नमुने रात्रभर एकाच खोलीत ठेवले होते, कारण तापमान दोन-चार अंशांनी बदलले तरी श्यानता बदलते. नव्या तेलाला ६० सेकंद लागले. मग १९० मि.लि. नव्या तेलात १० मि.लि. डिझेल घालून, म्हणजे शेकडा ५ चे मिश्रण करून पाहिले : ४६ सेकंद. गाडीतून काढलेले तेल : ४४ सेकंद. (हा प्रयोग करायचा तर शिक्षकांसमक्ष, मोकळ्या हवेत, विस्तव दूर ठेवून आणि हातमोजे घालून करावा. उरलेले तेल ओढ्यात किंवा चारीत ओतू नये. गॅरेजला परत द्यावे.)

म्हणजे डिझेल शेकडा पाचाहून थोडे अधिक. सहा लिटरला तीनशे-सव्वातीनशे मि.लि. पट्टीच्या हिशेबाने आले होते ३८०. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले असते तर मलाच संशय आला असता. वापरलेल्या तेलात काजळी असते, ती त्याला थोडे दाट करते. त्यामुळे नरसाळ्याचा आकडा कमीच येणार. शिवाय पट्टीची त्रुटी आहेच. पण दोन अगदी वेगळ्या वाटांनी आपण एकाच गावाजवळ पोचलो, एवढे नक्की. तेलाची श्यानता पाव हिश्शाहून अधिक घटली होती आणि हे तेल बेअरिंगमधला तो काही मायक्रॉनचा थर सांभाळत होते. पातळी वरच्या खुणेच्या फार वर गेली असती, तर फिरणारा क्रँक तेल घुसळून त्याचा फेस करू लागला असता, ते वेगळेच.

नवे तेल घातल्यावर ७,१५० कि.मी.ला वही पुन्हा २० मि.मी.पासून सुरू झाली. दुधाच्या खेपा बंद करणे भावाला परवडणारे नव्हते. सर्व्हिस सेंटरच्या सल्ल्याने एवढेच ठरले की आठवड्यातून एकदा काकांनी भिगवणहून इंदापूरपर्यंत सोलापूर महामार्गावरून एकसारख्या वेगाने गाडी न्यायची आणि काजळी जाळण्याचे काम मध्येच तोडायचे नाही. त्या खेपेला आता ते इंदापूरच्या दुकानातली पेंडीची पोती भरून आणतात, म्हणजे डिझेलचा खर्च अगदीच वाया जात नाही.

८,१५० ला वाचन २० आले, ९,१५० ला १९. परवा रविवारी काकांचा फोन होता. १०,१५० झाले होते. "सर, आज एकोणीस आणि अठराच्या मधी दिसतंय. मधलं लिहिलं तर चालंल का, का एकोणीसच लिहू?"